तांब्याची तार

एकोणीस वर्षं मी हर्णैकडे कौलं घासली.
पावसाआधी दीड महिना, दिवाळीनंतर तीन आठवडे,
शिडी खांद्यावर, बांबूची खरवडणी कमरेला.
लोखंडाची नाही. लोखंड कौलाचं कातडं सोलतं
आणि सोललेल्या कौलावर शेवाळ दुप्पट चढतं.
हे कुणी शिकवलं नाही.
पहिल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंची पडवी बिघडवली,
त्यांनी पैसे दिले, चहा दिला नाही.

घासायचं आढ्याकडून वळचणीकडे,
पाणी उतरतं त्याच वाटेनं.
उलटं घासलं तर घाण कौलांच्या सांध्यात शिरते
आणि आषाढात कुणाच्या तरी उशीवर टपकते.
उत्तरेचं पाखं आधी हिरवं होतं.
आंब्याची फांदी छपरावर आली असेल
तर आधी फांदी, मग छप्पर.
सगळ्यात शेवटी आढ्याखालून तांब्याची तार ओढायची,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पाऊस तिच्यावरून घसरतो, थोडं तांबं चाटून नेतो,
तेवढ्यानं शेवाळ पाय रोवत नाही.
लोकांना पटायचं नाही.
तारेनं काय होतंय, दोधूभाऊ, म्हणायचे,
पुढच्या वर्षी लाल छपराकडे बघून गप्प बसायचे.

गुडघे गेले तसा परत आलो,
पारोळ्याच्या पुढं, बोरीकाठी.
इथं धाबी. सपाट, मातीची.
वैशाखात पांढरी खारी गाडीनं आणायची,
पसरायची, तुडवायची, परनाळीकडे जरासा उतार.
पावसात वर गवत उगवतं, शेळ्या चढून खातात.
हिलाल पाटलानं विचारलं,
“इतला साल तठे काय करे तू?”
शेवाळ काढायचो, म्हणालो.
“म्हंजे काय?”
दाखवायला गावात हिरवा ठिपका सापडेना.

चैत्रात अंगणवाडीच्या कोकिळाताईंचा निरोप आला,
गच्चीवर हिरवं झालंय, एक पोरगं घसरलं.
खोटं का बोलू, आत काहीतरी हललं.
ट्रंकेतून खरवडणी काढली, तारेचं उरलेलं वेटोळं काढलं.
स्लॅबवर, टाकीच्या सावलीत, ताटाएवढं शेवाळ.
बोट टेकवलं.
तेच. ओलं, दाट, मांजराच्या पाठीसारखं.
वास मात्र समुद्राचा नव्हता.

टाकीचा बॉल अडकला होता,
पाणी रात्रंदिवस भिंतीवरून पाझरत होतं.
दांडी जराशी वाकवली, नट आवळला.
खरवडणी पिशवीतच राहिली.
म्हणालो, ताई, तोवर पोरं वर येऊ देऊ नका,
चार दिवसांनी बघू.

चार दिवसांनी शेवाळ पापडासारखं उठलेलं,
कडा वळलेल्या, रंग चहाच्या चोथ्याचा.
कोकिळाताईंनी केरसुणीच्या एका फटक्यात सुपलीत घेतलं.
ज्याच्यावर माझं घर एकोणीस वर्षं चाललं
ते इथल्या उन्हानं
मजुरी न मागता, शिडी न लावता...
मी टाकीला टेकून उभा.
“किती झाले, भाऊ?”
नट आवळायचे काय घेणार.
पोरांच्या खिचडीतली वाटीभर खाऊन उतरलो.

तार घरी आणली, अंगणात दोन खुंट्यांना बांधली.
कपडे इथं टाकून मागं वळेपर्यंत कडक होतात.
पण भादव्यात दोन दिवस झड लागली,
काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही,
आणि पोराच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत
हिरवी रेघ उमटली.

लटकन सदरा घेऊन दारात उभी,
“हाई काय लागनं याले?”
उजेडाकडे धरून पाहिला.
रेघ एका बाजूला जरा जाड होती,
उत्तरेकडची असणार.

लिंबानं जातं, हे मला ठाऊक होतं.
सांगितलं दुसऱ्या दिवशी.