तीन किलो

उद्यमनगरात आमच्या फाउंड्रीत
दोन देशांची दोन पोती आली,
एकाच लॉरीतून, एकमेकांना टेकून.
आत रिकामी काडतुसं.
करारात लिहिलेलं : दोन्हीकडचं पितळ समसमान,
त्यातून एक खांब, सरहद्दीवर उभा करायचा.
सरहद्द मी नकाशात शोधली,
बोटाखाली झाकून गेली.

दस्तगीर मुजावरनं काट्यावर चढवलं.
एक पोतं तीन किलो जास्त.
"म्हंजे ह्यांच्यावर जास्त झाडल्या?" शिवगोंडा.
"न्हाईतर ह्यांनी जास्त येचल्या," दस्तगीर म्हणाला,
आणि जास्तीचं पत्र्याच्या डब्यात भरून
डबा फळीवर सारला.

माझं काम लाकडी अक्षरांचं.
दोन लिप्या, मला एकही येत नाही.
वाळूत ती उलटी उमटली
तेव्हाही मला तितकीच कळली.
यातला 'शांतता' कुठला, मी साहेबांना विचारलं.
एका लिपीत सात अक्षरं, दुसरीत दोन.
मी त्या दोघांना ऐसपैस बसवलं,
ओळीला ओळ भिडावी म्हणून.

ओतायच्या रात्री
एका काडतुसात राहिलेलं काहीतरी
मुशीत फट् करून उडालं.
सगळे भिंतीला.
शिवगोंडा हसला,
मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही.
जस्ताचा पांढरा धूर छताला लागला, उतरला,
धातू निमूट साच्यात गेला.

"किती वर्षं टिकेल?" साहेब.
"पितळ टिकतंय. काळं पडंल पावसापाण्यानं.
येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागत ऱ्हायला
तर तेवढ्या जागी झळकंल."
साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

खांब गेला. पुढं त्याचं काय झालं
आम्हाला कुणी कळवलं नाही.

उन्हाळ्यात राजापूर बंधाऱ्याकडनं दोघं आले,
पंपाचा बुश झिजलेला, ऊस वाळत चाललेला.
एक मराठीत घाई करत होता, एक कन्नडात.
पंप सामायिक, शिवार दोन राज्यांत.
दस्तगीरनं फळीवरचा डबा काढला,
धूळ फुंकली.

संध्याकाळी बुश तयार.
बिल कुणाच्या नावानं, यावर जुंपली,
दोघांनीही एकदमच खिशात हात घातले.
दस्तगीरनं नुसती मजुरी लावली.
"आणि धातूचं?"
"धातूचं कुणीतरी भरलंय," तो म्हणाला,
आणि रिकामा डबा
परत फळीवर ठेवला.