आक्षेप क्रमांक सात

कुडचड्याला उतरलो तेव्हा सव्वादहा.
पिशवीत तांबडी पेन्सिल, कॅल्क्युलेटर,
रुमालात बांधलेले दोन उंडे.
काम : एका योजनेची तपासणी.
'किशोरवयीन गंभीर गुन्हे प्रतिबंध व पुनर्दिशा' —
नाव इतकं लांब की रबरी शिक्क्यात
शेवटचं अक्षर मावलेलंच नाही.

योजनेला जागा मिळाली ती बंद पडलेल्या वजनकाट्याची.
पूर्वी इथे खनिजाचे ट्रक तोलत.
आता मुलांना —
नाही, तसं म्हणणार नाही मी.
मुलं इथे नुसती बसतात.

मोजलं ते असं :
कॅरमबोर्ड चार, स्ट्रायकर एक.
बॉक्सिंगचे हातमोजे, डावे पाच, उजवे तीन.
समुपदेशकाचं पद, एकोणीस महिने रिकामं.
उद्घाटनाचा फोटो, काचेसह, सुस्थितीत.

सेलेस्तीना कुलासो, परिवीक्षा अधिकारी.
तीन तालुके, एकसष्ट मुलं, स्वतःची स्कूटर.
मी म्हटलं, बाई, मे महिन्यात अकरा रात्री
तुम्ही सावर्ड्याच्या पलीकडे गेलात.
पूर्वपरवानगी नाही.
प्रयोजनाच्या रकान्यात फक्त 'भेट'.
कुणाची? निष्पन्न काय?

त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला,
कमरेची किल्ली काढून खालचा खण उघडला.
गणिताच्या वहीच्या पानात गुंडाळलेला
सुरा.
मासळी कापायचा नव्हे, नारळ सोलायचाही नव्हे.
मुठीला सायकलची ट्यूब,
पीळ सुटू नये म्हणून कुणीतरी
फार जीव लावून आवळलेली.

"विराजनं दिला. अकराव्या रात्री.
दहा रात्री दारच उघडलं नव्हतं."

कुणासाठी होता?

"ज्याच्यासाठी होता, तो काल बाजारात
भजीपाव खात होता. मला हात केला त्यानं."

हा पोलिसांकडे हवा, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, दिला की पोरगा आकडा होणार.
तुमच्या तक्त्यात शोभून दिसेल.

तक्ता माझ्यासमोरच होता.
घडलेले. दाखल. प्रलंबित. निकाली.
"आणखी एक रकाना द्या म्हणून
पणजीला तीनदा लिहिलं मी," त्या म्हणाल्या,
"उत्तर आलं : प्रपत्र विहित आहे."

मग पंखाच काय तो बोलत राहिला,
तोही अडखळत.

मी जडवस्तू नोंदवही उघडली.
कपाट एक, खुर्च्या नऊ, पाण्याचा माठ, फुटका.
पेन्सिल टेकवली. उचलली.
वहीच्या त्या पानावर, सुऱ्याच्या पात्याखाली,
त्रैराशिकाचं एक गणित अर्धं सोडवलेलं होतं :
बारा मजूर, आठ दिवस, तर
किती
इथपर्यंतच.

संध्याकाळी अहवाल पुरा केला.
आक्षेप क्रमांक सात :
पेट्रोल, रुपये एक हजार आठशे चाळीस,
विनापरवाना प्रवास, वसूलपात्र.
तो मी ठेवला.
नियम आहे, आणि मलाही तपासणारा कुणीतरी आहे.
सुऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.
ह्यातलं चुकलं कोणतं, मला विचारू नका.

सातची गाडी होती. त्या म्हणाल्या, सोडते स्टेशनवर.
मी मागे बसलो, पिशवी मांडीवर.
रस्त्याकडेला ट्रक उभे, ओळीनं,
टायरांतून घाणेरी वर आलेली,
एकाच्या बॉनेटवर कोंबडी बसलेली, निवांत.
त्यातलाच एक विराजच्या बापाचा,
त्यांनी सांगितलं, वेग कमी न करता.

स्टेशनचा फाटा मागे गेला.
बाई, गाडी —
"पाच मिनिटं."

एका वळणावर त्यांनी स्कूटर थांबवली,
हॉर्न दोनदा वाजवला.
वरच्या खिडकीत दिवा लागला.
विझला.
पुन्हा लागला.

"आसा घरा," त्या स्वतःशीच म्हणाल्या,
आणि स्कूटर वळवली.

काटा तांबड्या रेघेवर होता.
मी खांद्यावरून पाहिला,
सवयीनं.