ओळ एकशे बारा

धुलाई यंत्राचं बटण. इंग्रजीत चार अक्षरांचं: सोक.
शेजारच्या रकान्यात ब्रनोच्या ज्देन्काने
एकाच्या जागी पाच शब्द लिहून ठेवलेत
आणि माझा मराठी रकाना
तांडापेठेतल्या दुपारी तीनच्या रस्त्यासारखा
मोकळा.

कूलरचं गवत सुकलंय, मोटर नुसती गुरगुरते.
एक बादली ओतून येते,
मग पाचही शब्द तोंडात घोळवून पाहते.
नामोचित: बुडवलं, काम झालं.
माचेत: बुडवलं आणि तिथेच राहू दिलं, घाई नाही.
नाव्ह्लचित: इस्त्रीआधी कॉलरवर शिंपडतो तेवढंच.
नासाक्नोउत: कापडानेच पाणी आत ओढून घेतलं,
कुणी ढकललं नव्हतं.
प्रोमोक्नोउत: रस्त्यात गाठलं आभाळाने, आडोसा नव्हता.

माझ्याकडेही काही कमी नाहीत.
भिजणं, मुरणं, सादळणं, निथळणं, ओथंबणं,
बुचकळणं, जे मला नेहमी
पाण्याच्याच आवाजासारखं वाटत आलंय.
पण बटणावर जागा सहा अक्षरांची,
मधली फट धरून.

"काय लिहून राहिली व?" बाबा खाटेवरून.
"भिजवणं. एका शब्दात पाहिजे."
"कायचं भिजवणं? सूत का चणे?"
"कपडे, बाबा. मशीनमधले."
"मंग किती वेळ, थे सांग ना.
चणे रातभर भिजते. पोहे रातभर भिजवले
त खाशीन काय तू?"

हे मी ज्देन्काला कळवलं, जमेल तसं.
तिचं उत्तर रात्री आलं:
तुझ्या वडिलांना आमचं व्याकरण येतं.
आमच्या क्रियापदांच्या पोटात घड्याळ असतं.
आणि खाली, सहज आठवलं म्हणून:
कुणी पार चिंब झाला की आम्ही म्हणतो
दो नित्की,
दोऱ्यापर्यंत भिजला.

सकाळी चहासोबत बाबांना वाचून दाखवलं.
ते उठूनच बसले.
"कोण होय थे लोकं? कोष्टी?"
मी म्हटलं, माहीत नाही, विचारते.
"विचारू नको. कोष्टीच असन.
दुसरा कोणी कातडीवर थांबते,
फार त हाडापर्यंत जाते.
दोऱ्यापर्यंत कोण जाईन?"

मग बराच वेळ ते फरशीकडे पाहत होते,
जिथे आता टीव्हीचा स्टँड आहे
आणि आधी खड्डामाग होता.
मे महिन्यात धागा तडतडून तुटायचा,
म्हणून आई दुपारी खड्ड्यात पाणी शिंपडायची,
बाबांच्या पायांवर, पावड्यांवर, मातीवर.
ते भिजवणं नव्हतं.
सूत भिजलं तर वाया जातं.
हवेला नुसतं थोडं समजावायचं होतं,
तेवढ्याने धागा टिकायचा, अन् बाबांचं डोकंही.
त्याला काय म्हणायची आई?
"ओल देऊन येते," म्हणायची.
देऊन. जसं कुणाला जेवायला देऊन यावं.

माग भंगारात गेला, किलोच्या भावाने.
खड्डा बुजवला, वर पांढरी फरशी बसवली.
तरी जुलैत त्या चार फरशांवरच
कुठून तरी दव धरतं,
पुसलं तरी दुपारपर्यंत परत येतं.
मिस्त्री म्हणतो, भरणी कच्ची राहिली.
बाबा काहीच म्हणत नाहीत.

ओळ एकशे बारामध्ये मी शेवटी
"भिजत ठेवा" टाकलं. सहात बसलं.
आणि ज्देन्काला सांगितलं
की आमच्याकडे जे काम संपत नाही
त्याला भिजत घोंगडं म्हणतात.
तिने विचारलं, घोंगडं वाळतं किती दिवसांत?

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
आज पारा सेहेचाळीसवर.
कूलरला बादली देऊन परत येताना
हातात तळाशी घोटभर पाणी उरलं होतं.
टीव्हीच्या स्टँडखाली शिंपडलं.
बाबांनी पाय किंचित पुढे केले.