चौथं बटन

प्रेसमध्ये मी एकतीस वर्षं कागद तपासले.
जेलरोडला, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात.
शाई पसरलेली, अंक तिरका,
कडेला केसाएवढी पांढरी रेघ
दिसली की लाल पेन्सिल.
चूक बोटांना आधी कळायची, डोळ्यांना मागून.

घरी आल्यावर मात्र
एक चिन्ह कधी उजेडात धरलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली, नोकरीत नवा असताना,
खळ शिजवली ती मीच.
बिटको चौकापासून दसकच्या पुलापर्यंत
रात्रभर पोस्टरं चिकटवली
आणि तसाच पहिल्या पाळीला गेलो.
गेटवरच्या शिपायाने माझी बोटं बघून विचारलं,
लग्न होतं का कुणाचं?
होतंच, म्हटलं.

पुढे साहेब गेले, साहेबांचे चिरंजीव आले.
पक्ष फुटला. चिन्ह तिकडे, झेंडा इकडे,
आणि ज्याच्या विरोधात घसा बसेस्तोवर ओरडलो
तोच आमच्या स्टेजवर, मधल्या खुर्चीत.
मी म्हणायचो, चालायचंच.
हा शब्द नोटेसारखा,
हातोहात मळत गेला, तरी चालत राहिला.

बाजू बदलणाऱ्याला आम्ही दुतोंड्या म्हणायचो,
नदीतल्या मारुतीचं नाव घेऊन.
गेल्या श्रावणात पूर बघायला गेलो तर
पाणी त्याच्या छातीला लागलेलं.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक जाणाऱ्या.
जागचा हललेला नाही बिचारा,
आणि सगळं नाशिक त्याच्याकडे बघून ठरवतं
पाणी किती चढलं.
तिथेच उभा राहिलो बराच वेळ. छत्री उलटी झाली तरी.

आता प्रभागात चार मतं द्यायची.
तीन हात आपोआप देईल, त्याला सवय आहे.
चौथ्या जागेला कुमुदिनी गांगुर्डे.
आधी अंगणवाडीत होती.
पक्षाचं नाव एका दमात म्हणता येत नाही,
चिन्ह बादली.
प्रचाराला पाच माणसं, त्यातला एक तिचा मुलगा,
रिक्षा बंद ठेवून आलेला.
मागच्या वेळी एकशे त्र्याण्णव मतं. डिपॉझिट गेलं.

पत्रकावर बादलीची कडी तुटलेली छापलीय.
मी दाखवलं तिला. राहवलं नाही.
ती म्हणाली, काका, स्वस्तातला छापखाना,
मागची बाजू वाचा.
मागे आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या वेळा,
चार महिन्यांच्या, तारीखवार.
मंगळवार, आलं नाही.
बुधवार, पहाटे सव्वातीन, वीस मिनिटं.
मी पेन्सिल घेऊन बसलो.
एकही अंक चुकला नव्हता.
सव्वातीनला मीही उठलेलोच असतो ना.

तिचं सगळंच पटतं असं नाही.
दारूबंदीवर बोलायला लागली की
माझं लक्ष पंख्याकडे जातं.

मधू कर्पे म्हणतो, मत वाया जाईल.
त्याच्या बापाचंही हेच म्हणणं होतं, माझ्याही.
पण मी बाद केलेले ते सगळे कागद?
ते वाया गेले
म्हणून तर बाकीच्यांवर लोकांनी विश्वास ठेवला.
हे मधूला सांगितलं नाही. तो चहा पीत होता.

रात्री पत्रक ट्यूबलाइटसमोर धरलं. जुनी खोड.
आत काही लपलेलं नव्हतं,
माझीच बोटं दिसत होती आरपार.

ही ड्रमवर झाकण ठेवून आली.
म्हणाली, त्या एकशे त्र्याण्णवात एक माझं होतं.
कधी बोलली नाहीस.
तुम्ही कधी विचारलंत?

मग तिने सव्वातीनचा गजर लावला, दिवा घालवला,
आणि लगेच घोरायला लागली.
मी अंधारात, गल्लीतल्या एकेका दारावरून,
मोजत पडलो,
कोण असतील बाकीचे एकशे ब्याण्णव.