सतरा नंबरचं बाक

किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते,
दोन इंची खिळ्यांच्या खोक्यामागे.
यूफेमिया गॅलब्रेथ ती देत नाही,
स्वतःच चालत येते बरोबर.

"अठराशे एक्केचाळीस. मनोरा वीज पडून गेला.
नवा बांधायचा की शाळा, यावर मतं पडली.
म्हणून हे असं बोडकं."

आत तसं काहीच नाही.
ना मूर्ती, ना मेणबत्ती, ना रंगीत काच.
साध्या तावदानांतून पेनसिल्व्हेनियातला मका
थेट उपासनेला येऊन उभा.
वर ओकच्या तुळया, कुऱ्हाडीनं तासलेल्या,
घाव अजून मोजता येतात.
सबंध छताला खिळा एक नाही,
हे खिळे विकणारी बाई केवढ्या तोऱ्यात सांगते!

दारं दोन.
ऑर्गन हवा म्हणणारे डावीकडून यायचे,
नको म्हणणारे उजवीकडून.
ऑर्गन आला.
दारं राहिली.

प्रत्येक बाकाला फळीचं झडप, नंबर, वर्षाचं भाडं.
सतरा : टोबायस मॅकिल्वेन,
येणे बाकी सव्वादोन डॉलर.
वहीतली शाई विटकरी झालीय.
तो कॅन्ससला गेला, तो गेलाच.

"इथे कुणी बसत नाही?"
"आम्ही अकराजण उरलोय. जागेला काय तोटा."
मग झडपावरची धूळ बोटानं पुसत,
"माझ्या आजीचे आजोबा.
दर ईस्टरला सव्वादोन डॉलर टाकते मी थाळीत.
खजिनदार नाव काही खोडत नाही.
व्याज राहिलंय म्हणे."

"खजिनदार कोण?"

कुलूप लावून तिनं दार दोनदा ओढून पाहिलं.
"मीच."