पाणी तयार होतंय

पहिले सव्वीस दिवस टँकमध्ये मासे नव्हते.
आधीचा भाडेकरू काच, मोटर आणि अर्धी गोणी खडी मागे ठेवून गेला;
घरमालकानं ती डिपॉझिटच्या हिशेबात धरलीही नाही.
खडी मी परातीत घेऊन धुतली, तांदूळ धुवावेत तशी.
सात पाण्यांनंतरही गढूळ.
मग म्हटलं, असू दे, खडीच आहे.

इद्रिसभाई म्हणाले, ताई, आज मासे देणार नाही.
आधी पाणी तयार होऊ द्या.

पाणी तयार होतं?
आमच्या वाघोलीत पाणी येतं,
किंवा येत नाही.
ते हसले. दुकानातल्या जुन्या फिल्टरमधला
मळका, ओला स्पंजाचा तुकडा कापून दिला पुडीत बांधून,
शेजारणीनं वाटीत विरजण द्यावं तसा.

मी विरजण लावलं आणि थांबले.

सोनटक्क्यांचा ईहान रोज संध्याकाळी काचेला नाक लावायचा.
काकू, आज आले?
आलेत रे, पण फार बारीक आहेत. पाणी साफ करणारे जीव.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
मला अकरा दिसले, म्हणाला.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे,
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्यात.
सोसायटीचं पाणी एकीत घेतलं, साबणाचा चुरा टाकून हलवलं.
फेस नाही.
आठवीचा प्रयोग, पाठ आहे मला.
टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं, कुठल्या विहिरीचं?
तो म्हणाला, बाई, विहिरीला काय नाव असतं होय.

म्हणून नारायण पेठेतल्या शाळेच्या नळाचं पाणी
दोन कॅनमधून आणायला लागले, पाच-पाच लिटर,
संध्याकाळच्या बसनं, पायांत धरून.
कंडक्टर म्हणाला, रॉकेल नाही ना?
पाणी आहे.
पाणी? वाघोलीला?
मागच्या सीटवरचा कुणीतरी म्हणाला, न्या न्या, आम्हालाही आणा.
माशांसाठी आहे, हे मी सांगितलं नाही.
माणसं काय म्हणाली असती!

रात्रभर बादली उघडी ठेवायची, क्लोरीन उडून जाईपर्यंत.

सत्ताविसाव्या दिवशी आठ निऑन टेट्रा.
शेंगदाण्याएवढे. पिशवी तशीच तरंगत ठेवली अर्धा तास,
मग वाटीवाटीनं ह्या पाण्याची त्या पाण्याशी ओळख.
सोडल्यावर सगळे झाडामागे गेले आणि तिथेच राहिले,
नव्या वर्गात पहिल्या दिवशी मुलं राहतात तसे.

पहाटे दिवा लावला तर आठही पांढुरके.
निळी रेघ नाही, तांबडा नाही.
मी खुर्चीवर बसलेच.
इद्रिसभाईंना फोन. ते झोपेत म्हणाले,
अंधारात ते रंग उतरवून ठेवतात, ताई. थांबा जरा.
थांबले. चहा गार झाला
आणि एकेकाच्या अंगावर निळं चढत आलं.
त्यांनाही विजेचं बिल येत असावं.

तिसऱ्या दिवशी एक गेला. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.
ईहाननं बोट फिरवत मोजले: आठ.
मी पुन्हा मोजायला सांगितलं नाही.

मग त्या शनिवारी रात्री लाइट गेली,
डीपी जळाल्याचा आवाज खालपर्यंत आला.
मोटर बंद. पाणी इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.
आमटीची पळी घेतली, स्वच्छ विसळून,
पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
हवा जायला हवी एवढंच.
आत काही दिसत नव्हतं.
सात आहेत की पाच, की नुसतं पाणीच ढवळतेय मी,
हे विचारायला मध्यरात्री कुणाला उठवणार?
हात बदलला. पुन्हा हात बदलला.
एकदा पळीत काहीतरी हललं
आणि मी ती घाईघाईनं खाली बुडवली.

पावणेतीनला मोटर स्वतःच घुरघुरली.
टँकचा दिवा मी लगेच लावला नाही.
त्यांना रंग चढवायचा होता,
मला पळी घासायची होती,
आणि सोमवारसाठी कॅन धुवायचे होते.