काटे बाजूला सरतात

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आयलर्ट दुकानात आला.
टोपीवरचा बर्फ दारातच झटकला
आणि काउंटरवर घड्याळ ठेवलं,
मेलेला पक्षी ठेवावा तसं, उताणं.
"गेलं," म्हणाला.

हॅमरफेस्टात नोव्हेंबरची विशी उलटली
की सूर्य उगवायचं सोडून देतो.
दुपारी बंदरावर थोडी निळी शाई सांडते,
तासाभरात सुकते.
एवढ्यावर आम्ही दोन महिने काढतो.
हे घड्याळ तर तेवढ्यालाही मुकलेलं,
बोटीवरच्या रबरी कोटाच्या खिशात,
आणि कोट खुंटीवर,
कारण यंदा आयलर्ट खेकड्यांवर गेलाच नाही.
खुब्याचं हाड बदललंय.

मी भिंग लावलं. वडिलांचं भिंग.
त्यांनी असली वस्तू हातात धरली नसती:
काळ्या रेझिनचं धूड, चार कोपऱ्यांना चार स्क्रू,
काचेवर पिंजऱ्याच्या सळ्यांचे ओरखडे,
पट्ट्याच्या भोकांत मीठ.
घड्याळाला एक तोंड पुरे, म्हणायचे ते.
याला दोन. वर काटे,
त्यांच्या पोटाखाली आकड्यांची राखाडी खिडकी.
खिडकी कोरी.
काटे तीन वाजून सोळा मिनिटांवर थिजलेले,
कुठल्या दिवशीचे तीन, कोण सांगणार.

"मेलं नाही," मी म्हटलं. "उपाशी आहे."
टेबलावरचा दिवा खाली ओढला.
आयलर्टला खुर्ची दाखवली, तो बसला नाही.
दवाखान्याच्या बोळात उभे राहतात ना माणसं,
तसा, टोपी दोन्ही हातांत.

बराच वेळ काहीच नाही.
मी मधेच एक भिंतीवरचं घड्याळ पुसून घेतलं.

मग खिडकीत एक आकडा आला. मग बाकीचे.
मग काटे हलले,
हलले कसले, धावलेच,
मिनिटाचा गरागरा, तासाचा त्याच्या मागे लंगडत.
मला वाटलं, साठ दिवसांचे सगळे फेरे घेतील आता.
नाही घेतले.
आजच्या बारा वाजून दहा मिनिटांपाशी आले
आणि थांबले, मुकाट.
म्हणजे आतल्या आत ते मोजतच होतं.
दाखवणं तेवढं बंद केलं होतं.

खालचे आकडे नीट दिसेनात म्हणून बटण दाबलं.
काटे बाजूला सरले,
पाहुणा आला की घरातले
भिंतीला पाठ लावून बसतात तसे.
आठ वाजून दहा.
"हे चार तास मागे पडलंय," मी म्हटलं. "लावून देते."

त्याचा पंजा माझ्या हातावर आला.
खुब्याचं दुखणं विसरून, इतका झटकन.
"ते बरोबर आहे. तिकडे आठच वाजलेत."
"तिकडे कुठे?"
"पुंता अरेनास."
नकाशाच्या पार तळाशी, मला वाटतं चिलीत.
मग तो कॉड माशाच्या भावाबद्दल बोलू लागला.
दाराशी गेल्यावर वळून म्हणाला,
"मार्चअखेर आपण तास पुढे करतो, ते करत नाहीत.
तेव्हा पाचाचा फरक होतो. मी आठवणीने बदलतो."

पैसे घेतले नाहीत. उजेडाचे काय घ्यायचे?
दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी,
आत कॉडच्या जिभा, दगडासारख्या गोठलेल्या.

एकवीस तारखेला शाळा सुटली, पोरं टेकडीकडे पळाली,
बेकरीत सूर्याचे पाव संपले,
माझ्या वाट्याला एक आला, त्यातही जॅम कमी.
धक्क्यावर आयलर्ट एकटा.
उणे अकरा अंशांत बाही कोपरापर्यंत सारलेली,
मनगट पुढे,
पाळलेल्या कावळ्याला दाणे द्यावेत तसं.
डोंगराच्या खांद्यावर किनार आली, नखाएवढी.
मी शेजारी उभी राहिले. त्याने बाही खाली केली नाही.
"भरवतोय याला," म्हणाला.

आणि मी काही विचारायच्या आधीच
त्याने बटण दाबलं.
काटे बाजूला सरले.
सात चाळीस.
"उठली असेल," म्हणाला.